निम्म्या दंडाची पुरती कबुली

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला वाहतुकीच्या दंडाबाबत एकच सल्ला मिळतो : "भरून टाक आणि मोकळा हो." ऑफिसातला केरळी सहकारी तो देतो, शेजारचे सिंधी काका देतात आणि नाशिकहून फोनवर धाकटा भाऊही देतो. दंड खरा असेल तर यापेक्षा चांगला सल्ला नाही. सिग्नल तोडला, दंड भरा, पुढच्या वेळी ब्रेकवर पाय ठेवा. त्यात चर्चा कसली? पण हल्ली हाच सल्ला चुकीच्या दंडालाही तितक्याच सहजपणे दिला जाऊ लागलाय, आणि माझा आक्षेप तिथे आहे. जो गुन्हा आपण केलाच नाही त्याचा दंड "किरकोळ रक्कम आहे" म्हणून भरणं आपण समजतो तितकं निरुपद्रवी नाही.

बहारीनमध्ये माझं हे अठरावं वर्ष. हा देश बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा, पण रस्ते रुंद आणि गाड्या भरपूर. मनामाहून रिफाकडे निघालं की कॅमेऱ्याशिवाय दोन-चार किलोमीटरही जात नाहीत, असं वाटतं. इथली शिस्त मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. झेब्रा क्रॉसिंगवर आई मुलाचा हात धरून निर्धास्त उतरते, हे कॅमेऱ्याचंच श्रेय आहे. २०१४ सालचा २३ क्रमांकाचा वाहतूक कायदा २०१५ पासून लागू झाला, दंड जबर वाढले आणि लोकांचा वेग उतरला. दंडाची चौकशी मोबाइलवर होते, पैसे मोबाइलवरच भरले जातात, रांग नाही, एजंट नाही, चहापाणी नाही.

याच कायद्यात एक सोय आहे. सात दिवसांत दंड भरला तर रक्कम निम्मी होते. कायद्याच्या भाषेत ही तडजोड. तुम्ही लवकर मान्य केलंत, सरकारचा वेळ वाचला, म्हणून सूट. ज्याने खरोखर वेग ओलांडला त्याच्यासाठी ही चांगलीच सोय आहे. पण ज्याने ओलांडला नाही त्याच्याकडून बघा. त्याला मेसेज मिळतो तेव्हा सात दिवसांचं घड्याळ सुरू झालेलं असतं. फोटो मागवायचा, अर्ज करायचा, त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकायची आणि उत्तराची वाट बघायची. तोवर सात दिवस गेले तर सूटही गेली. म्हणजे निर्दोष माणसापुढे दोन दरपत्रकं ठेवलेली असतात. "मी केलं" म्हणालात तर दहा दिनार, "मी केलं नाही" म्हणालात तर आत्ता शून्य, पण हरलात तर वीस. (आकडे उदाहरणादाखल आहेत. गुन्ह्यानुसार ते बदलतात.) शिवाय दंड थकलेला असला की गाडीची वार्षिक नोंदणी होत नाही. आणि परक्या देशात आपल्या नावावर काहीतरी 'पेंडिंग' आहे ही भावना किती कुरतडते, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. गावी जाताना विमानतळावर कुणी थांबवेल का, ही धास्ती खरी असो वा नसो, दहा दिनार काढून द्यायला पुरेशी असते.

हा हिशेब मला स्वच्छ दिसला तो खेडच्या एका ड्रायव्हरमुळे. त्याचं नाव देत नाही, कंपनीचंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली तीन पिढ्यांची आखाती परंपरा असलेल्या घरातला हा मुलगा इथे एका मालवाहू कंपनीत व्हॅन चालवतो. पगार एकशे साठ दिनार. आमची ओळख क्रिकेटमुळे, शुक्रवारी सकाळी मोकळ्या मैदानात होतात त्या सामन्यांमुळे. एका शुक्रवारी तो खेळायला आला, पण गप्प होता. पगारातून वीस दिनार कापले होते. व्हॅनने वेगमर्यादा ओलांडली, असं ऑफिसने सांगितलं.

"दादा, त्या तारखेला मी खेडला होतो. अब्बांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेलो."

त्याच्या पासपोर्टवर जाण्या-येण्याचे शिक्के होते. याहून पक्का पुरावा कुठला? पण ऑफिसातल्या बाबूचं उत्तर ठरलेलं : "सिस्टीममध्ये व्हॅन तुझ्या नावावर आहे." कॅमेऱ्याचं काही चुकलं नव्हतं. व्हॅन ती होती, वेगही बहुधा तोच होता. पण दंड गाडीला होतो, गाडी कंपनीची असते, आणि कंपनी निम्म्या रकमेसाठी सात दिवसांत पैसे भरून मोकळी होते. माणसाला विचारायचा प्रश्न त्यानंतर येतो, तोही पगारपत्रकावर. त्याने फोटो कधी पाहिलाच नव्हता. तडजोड झाली होती, पण ज्याच्या खिशातून ती झाली त्याच्या तोंडून नव्हे. इथे तर कंपनीने भरले दहा आणि कापले वीस, हे आम्हाला नंतर कळलं. त्यावर मी काही बोलत नाही, वाचकांनी समजून घ्यावं.

मी त्याला एक साधं पत्र इंग्रजीत लिहून दिलं. तारीख, शिक्क्यांची झेरॉक्स, आणि एकच विनंती : दंडाचा फोटो आणि पावती दाखवा. ओरडायचं नाही, धमकी द्यायची नाही, फक्त दोन कागद मागायचे. दोन महिन्यांनी वीस दिनार पगारात परत आले, काही न बोलता. ज्याने त्या दिवशी खरोखर व्हॅन पिटाळली होती तो मात्र आजही तसाच पिटाळत असणार, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही. दंडाचा हेतू वेग कमी करण्याचा होता ना?

आता आपल्याकडचं सांगतो, कारण अनिवासी भारतीयाला दंड दोन्हीकडून येतात. माझी गाडी नाशिकला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. वर्षातून चार आठवडे आम्ही गावी असतो तेवढीच ती चालते. बाकीचा काळ भाऊ रविवारी इंजिन सुरू करून दहा मिनिटं ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. गाडीच्या नोंदणीला माझा जुना भारतीय मोबाइल नंबर जोडलेला आहे. ते सिम इथे माझ्या टेबलाच्या खणातल्या जुन्या फोनमध्ये असतं. दर महिन्याला रिचार्ज करायचं ते केवळ बँकेच्या आणि आधारच्या ओटीपीसाठी. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात असा एक 'ओटीपीचा फोन' सापडेल.

तर गेल्या वर्षी त्या फोनवर मेसेज आला. दुसऱ्याच एका शहरात, एका चौकात, माझ्या गाडीवर ई-चलन झालं होतं. गुन्हा : हेल्मेट न घालणे.

माझी गाडी चारचाकी आहे.

घरात हसून हसून पुरेवाट झाली. बायको म्हणाली, "अहो, आता गाडी चालवताना हेल्मेट घाला." भाऊ म्हणाला, "दादा, पाचशे रुपये आहेत, मी इथून भरून टाकतो, तू कशाला डोकं लावतोस?" मी म्हटलं, थांब. आधी तो मेसेज खरा आहे का ते बघू. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलन' नावाच्या एपीके फाइल्स फिरतात. त्या उघडल्या की फोनमधलं बँक खातं साफ. इथेही दंडाच्या नावाखाली बनावट लिंका येतात आणि इथलं गृहखातं वेळोवेळी सावध करत असतं. माझा नियम सोपा आहे : मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचंच नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः टाइप करायचा, भारतातला असेल तर शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघायचं आणि तिथे गाडीचा नंबर घालून चलन दिसतंय का ते तपासायचं. दिसलं. खरं होतं.

फोटो उघडला. राखाडी स्कूटर, मागे दुधाची किटली, चालवणाऱ्याच्या डोक्यावर टोपी. नंबरप्लेटवर चिखल. माझ्या नंबरात जिथे आठ आहे, तिथे त्याच्या नंबरात तीन असावा, हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. यंत्राला दिसलं नव्हतं. आता यंत्राला तरी किती दोष द्यायचा? नंबरप्लेट वाचणारं सॉफ्टवेअर हे आकड्यांचे आकार ओळखतं. आणि आपल्याकडे ८०५५ चा 'बॉस' नि २१४ चा 'राम' करून मिरवणाऱ्यांची कमी नाही. चिखल, तुटलेला कोपरा, वळणदार आकडे, मधेच मारलेला स्क्रू, यातलं काहीही तीनाचा आठ करू शकतं. चूक होणारच. पण स्कूटरच्या फोटोवर मोटारीचा नंबर लागतोय, हे बघायला एका माणसाचे पाच सेकंद लागले असते. ते पाच सेकंद कुणी खर्च केले नाहीत, आणि त्याची भरपाई करायला मला सात आठवडे लागले.

सात आठवडे कसे गेले ते थोडक्यात. ऑनलाइन तक्रार नोंदवली. सोबत आरसीची प्रत, गाडीचा चारी बाजूंनी फोटो आणि सोसायटीच्या वॉचमनच्या रजिस्टरचं पान जोडलं. तक्रार क्रमांक आला आणि पुढे तीन आठवडे 'प्रक्रियेत' हा एकच शब्द दिसत राहिला. फोन करावा तर आपण अडीच तास मागे. तिथलं कार्यालय सुटायच्या वेळेला इथे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि मी मीटिंगमध्ये. शेवटी शुक्रवार कामी आला. आखातातल्या माणसाला शुक्रवारी सुट्टी आणि भारतातली कार्यालयं चालू, त्यामुळे आमची सगळी भारतीय सरकारी कामं शुक्रवारी सकाळी उरकतात. भावाला अधिकारपत्र पाठवलं, तो त्या शहरात गेला आणि खिडकीवर कागद ठेवले. समोरच्या हवालदाराने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "अरे, ही तर स्कूटर आहे." मग दहा मिनिटांत चलन रद्द. पाचशे रुपयांच्या चलनासाठी जाण्यायेण्याचा खर्च अकराशे रुपये झाला.

भाऊ अजूनही म्हणतो, तोट्यात गेलास. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण अभिमान वगैरे नाही.

कारण असं की, चुकीच्या चलनाचे दोन प्रकार असतात आणि मेसेज वाचून ते ओळखता येत नाहीत. एक माझ्यासारखा, आकडा चुकीचा वाचला गेल्याचा. दुसरा जास्त वाईट : कुणीतरी तुमचाच नंबर आपल्या गाडीवर लावून फिरतंय. दिवंगत रतन टाटा यांच्याबाबतीत हे घडलं होतं. त्यांच्या गाडीच्या नंबरावर मुंबईत ई-चलनं येत होती, तर त्यांच्या कार्यालयाने 'भरून टाका' असं न म्हणता ही गाडी आमची नव्हेच, असं पोलिसांना कळवलं. सीसीटीव्ही तपासल्यावर तोच नंबर लावलेली दुसरी गाडी सापडली आणि जानेवारी २०२१ मध्ये माटुंगा पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अंकशास्त्राच्या सल्ल्याने नंबर बदलला, तो कुणाचा आहे हे ठाऊक नव्हतं, असं त्या गाडीच्या बाईंचं म्हणणं. ग्रहमान सुधारायला माणसं काय काय करतील! टाटांच्या कार्यालयाला ती रक्कम भरणं अवघड नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. पण ती भरली असती तर दुसरी गाडी तशीच फिरत राहिली असती.

आणि हे फक्त मोठ्यांच्या नशिबी येतं असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताज हॉटेलपाशी एकाच नंबराच्या दोन गाड्या पकडल्या गेल्या. ज्याची गाडी खरी होती, तो बिचारा चालक आपण कधी गेलोच नाही अशा ठिकाणची चलनं घेऊन हैराण झाला होता. त्याला स्वतःच्याच नंबराची दुसरी गाडी समोर दिसली आणि त्याने पोलिसांना बोलावलं. दुसऱ्याने कर्जवसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी नंबरातला आकडा बदलला होता. विचार करा, हीच गाडी एखादा अपघात करून पळाली असती तर? मेसेज तुम्हाला आला नसता. तुमच्या घरी पोलीस आले असते, आणि घरी कोण असतं? पंचाहत्तरीतले आई-वडील. मुलगा बहारीनला, कागदपत्रं कुठल्या कपाटात ते माहीत नाही, आणि दारात वर्दी. अशा वेळी तुमच्या बाजूने काय उभं राहील? आधीच्या प्रत्येक चुकीच्या चलनाला तुम्ही लेखी हरकत घेतली होती, ही नोंद. आणि तुमच्या विरुद्ध काय उभं राहील? ती सगळी चलनं तुम्ही निमूट भरली होती, ही नोंद. "पाचशे रुपयेच तर होते" हे स्पष्टीकरण तेव्हा कुणाला पटणार?

महाराष्ट्रात २०१९ पासून उच्च सुरक्षा नंबरप्लेट नव्या गाड्यांना लागूनच येते, जुन्यांना बसवायची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक वगैरे सगळं चांगलंच आहे. पण चौकातला कॅमेरा होलोग्राम वाचत नाही, आकडे वाचतो. तेव्हा त्या प्लेटने हा प्रश्न सुटेल, अशा भ्रमात राहू नये.

आता कायदा काय म्हणतो तेही बघायला हवं, कारण आपल्याकडचा कायदा कागदावर खरोखर चांगला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आलं आणि त्याखालचा नियम १६७ अ केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित केला. त्यात स्पष्ट लिहिलंय की, कॅमेऱ्याच्या चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्वच्छ दिसणारा फोटो हवा. वेगाचा गुन्हा असेल तर यंत्राने मोजलेला वेग हवा. तारीख, वेळ, ठिकाण हवं. नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायला हवी. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं. रस्त्यावर 'पुढे कॅमेरा आहे' असा फलक हवा. आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवायला हवी. म्हणजे चलन आलं की पैसे भरायचं बटण शोधण्याआधी या गोष्टी मागायचा आपल्याला हक्क आहे. पण किती जणांना हे माहीत आहे? मेसेजमध्ये रक्कम ठळक असते, भरायची लिंक ठळक असते. हरकत घ्यायची जागा शोधायला मात्र पान खाली सरकवत सरकवत न्यावं लागतं.

ज्यांना ते माहीत होतं त्यांनीही आवाज केलेला आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाच्या जाचाविरुद्ध संप पुकारला. पोलीस स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नंतर सोयीने चलन करतात, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. त्याच सुमारास खासगी मोबाइलवरून असे फोटो काढू नयेत, असं परिपत्रक वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांना काढावं लागलं. ट्रकवाल्यांच्या सगळ्याच मागण्या मला मान्य नाहीत. जादा माल भरून घाट उतरणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण पुराव्याबद्दलचं त्यांचं म्हणणं रास्त होतं.

परदेशातल्या माणसाची अडचण आणखी वेगळी. पंधरा दिवसांत नोटीस पाठवली, असं शासनाने म्हणावं आणि ती खणातल्या बंद फोनवर पडून राहावी. ते सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलं तर तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो आणि आपल्या गाडीची चलनं त्याला जाऊ लागतात. मधल्या काळात प्रकरण कोर्टात. आपल्याकडे ऑनलाइन आभासी न्यायालयंही आहेत. नागपूरजवळच्या काटोलला २०२० मध्ये वाहतुकीच्या प्रकरणांसाठी ते सुरू झालं. तिथे गुन्हा मान्य करून पैसे भरायचे असतील तर बहारीनच्या खुर्चीतून पाच मिनिटांत भरता येतात. लढायचं म्हणालात तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं आणि तारीख लागते. कबुलीला विमानाचं तिकीट लागत नाही. लढायला लागेल, अशी आपली समजूत असते आणि आपण कबुली देऊन टाकतो. प्रत्यक्षात मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे अशा किरकोळ प्रकरणांत वकिलामार्फत हजर राहता येतं. पण पाचशे रुपयांसाठी वकील? पुन्हा तोच हिशेब.

यंत्र चुकतं, हे मान्य करायला जगात सगळीकडेच उशीर होतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २०१२ साली एका मोटारीला ताशी ३८ मैल वेगाने गेल्याबद्दल ४० डॉलरचं चलन आलं. चलनासोबतच्या दोन फोटोंत आणि चित्रफितीत ती गाडी लाल सिग्नलला ब्रेक लावून जागेवर उभी होती! पुरावा चलनासोबतच होता, फक्त पाठवण्याआधी कुणी नीट पाहिला नव्हता. तिथल्या वर्तमानपत्राने प्रकरण लावून धरलं, पुढे तपासणीत दहापैकी एकाहून जास्त चलनं चुकीची असल्याचं निघालं आणि शहराला ती यंत्रणा बंद करावी लागली. कितीतरी जणांनी तोवर चाळीस डॉलर भरून टाकले असतील, "कशाला कटकट" म्हणून.

आणि इंग्लंडातलं टपाल खात्याचं प्रकरण तर याहून फार भयंकर. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने हिशेबात तूट दाखवली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टचालकांना दोषी ठरवलं गेलं, कित्येक तुरुंगात गेले. तूट खरी नव्हतीच. त्यातल्या अनेकांनी सुरुवातीला काय केलं होतं ठाऊक आहे? संगणकाशी कुठे भांडायचं, म्हणून खिशातून पैसे घालून हिशेब जुळवला होता. पुढे तेच त्यांच्यावर उलटलं. शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. पाचशे रुपयांच्या चलनाची तुलना मी तुरुंगवासाशी करत नाही. पण 'सिस्टीममध्ये आहे म्हणजे खरंच असणार' ही दोन्हीकडची समजूत एकच आहे, आणि खेडच्या पोराला ऑफिसात मिळालेलं उत्तरही तेच होतं.

मग करायचं काय? कॅमेरे काढून टाका, असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे रस्त्यावर दरवर्षी दीड लाखाहून जास्त माणसं मरतात, तिथे कॅमेरे आणखी हवेत. माझी मागणी इतकीच आहे की, फोटो आधी दाखवा आणि पैसे भरायचं बटण त्याच्या खाली ठेवा. हरकत नोंदवली की सवलतीचं घड्याळ थांबवा. निकाल विरुद्ध गेला तर त्या दिवसापासून उरलेले दिवस मोजा. यात सरकारचं काही जात नाही, आणि निर्दोष माणसावरचा निम्म्या रकमेचा दबाव निघून जातो. ही सूचना बहारीनला लागू आहे आणि महाराष्ट्रालाही, जिथे लोकअदालतीत सवलत मिळेल या आशेवर लोक चलनं साठवत बसतात आणि त्यात खरी किती, खोटी किती, हे निवडायची तसदीही कुणी घेत नाही. हरकतीला उत्तर माणसाने द्यावं, कारणासहित द्यावं. 'तक्रार अमान्य' हे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे. आणि आम्हा परदेशस्थांसाठी भारतीय मोबाइलच्या ओटीपीऐवजी ईमेलवर नोटीस घ्यायची सोय करून द्या. आयकर खातं आम्हाला ईमेलवर बरोबर शोधून काढतं, मग वाहतूक खात्याला ते अवघड का जावं?

आपल्या बाजूनेही काही गोष्टी आजच करता येतात. गावी गाडी असेल तर तिच्या नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते तपासा, नसेल तर पुढच्या सुट्टीत घरच्यांच्या चालू नंबराशी जोडून घ्या. महिन्यातून एकदा, आईला फोन करायच्या आधी किंवा नंतर, गाडीचा नंबर घालून चलनं बघा. गावाहून निघताना गाडीचा, मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढा. तो तारखेसह फोनमध्ये राहतो. चुकीचं चलन दिसलं तर त्याच दिवशी हरकत नोंदवा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. फोटोतली गाडी हुबेहूब तुमच्यासारखी असेल, तोच रंग, तेच मॉडेल, तर ऑनलाइन तक्रारीवर थांबू नका. घरच्यांकरवी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

इथल्या मराठी मंडळींना एक सुचवतो. गणेशोत्सवाला आपण सगळे जमतो, रांगोळी, आरती, मोदक, मुलांची नाटुकली, सगळं होतं. त्यात एका कोपऱ्यात एक टेबल टाकावं. इंग्रजी पत्र लिहिता येणारी आपल्यात शंभर माणसं आहेत. दहा दिनारासाठी, वीस दिनारासाठी ज्यांना पत्र लिहून हवं आहे असे ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले, मेकॅनिक आरतीला येतात आणि प्रसाद घेऊन मागच्या मागे निघून जातात. त्यांच्या एका महिन्याच्या पगारात वीस दिनार म्हणजे घरी पाठवायच्या पैशातले साडेचार हजारांहून जास्त रुपये. टेबल टाकायला मी बसेन. खेडचा तो मुलगाही येतो म्हणालाय. पासपोर्टच्या शिक्क्यांची झेरॉक्स कुठे स्वस्त मिळते, ते त्याला आता पक्कं ठाऊक आहे.